जुने दस्त तपासायचा घरगुती संच: अतिनील टॉर्च, यूएसबी मायक्रोस्कोप, लाइट पॅड

मोडी पत्रं, इनामाच्या सनदा, कंपनी सरकारच्या काळातले हुकूम, राणीच्या छापाचे स्टॅम्पपेपर असं काही विकत घेणाऱ्यांच्या हातात हल्ली तीन वस्तू हमखास दिसतात: ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, संगणकाला किंवा फोनला जोडायचा यूएसबी मायक्रोस्कोप आणि चित्रं गिरवायला वापरतात तो एलईडी लाइट पॅड. तिन्ही मिळून साधारण पाच-सहा हजारांत येतात. विकणारे याला खरं-खोटं ओळखण्याचा संच म्हणतात. खोटा कागद तो बऱ्यापैकी पकडतो, हे मान्य. पण पकडला गेला नाही म्हणून कागद खरा ठरत नाही, आणि ही गोष्ट कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. एवढं ध्यानात ठेवून घेतला तर संच पैसे वसूल करून देतो.

आधी टॉर्च. ३९५ नॅनोमीटरच्या, पन्नासेक बारीक एलईडी लावलेल्या टॉर्च निम्म्याहून कमी दरात मिळतात. विंचू शोधायला त्या उत्तम, दस्ताला निरुपयोगी. त्यांच्या झोतात डोळ्याला दिसणारा जांभळा उजेड भरपूर असतो. तो कागदावरून परत येतो आणि कागदाची स्वतःची मंद चमक त्यात बुडून जाते. ३६५ ची घेतानाही एलईडीपुढे काळी फिल्टर काच आहे का ते बघा (झेडडब्ल्यूबी-२ या नावाने ती विकतात). पारख सोपी आहे. अंधारात स्टीलच्या कोऱ्या ताटलीवर झोत टाका. चांगल्या टॉर्चचा ठिपका जेमतेम दिसतो. जांभळा गोळा उमटला तर फिल्टर नाही किंवा नावापुरता आहे. सेल १८६५० या आकाराचा, पुन्हा चार्ज होणारा असावा. अॅल्युमिनियमची नळी तीन-चार मिनिटांत तापते आणि तापली की उजेड उतरतो, म्हणून सलग चालू ठेवून बसू नये. अतिनील अडवणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा बहुतेक संचांत नसतो, तो वेगळा घ्या. तो ऐच्छिक नाही.

टॉर्च शोधते ते ऑप्टिकल ब्राइटनर. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून लगद्यात किंवा वरच्या थरात घालतात ते द्रव्य अतिनील उजेडात निळंपांढरं पेटतं. कागदात ते सर्रास आलं १९५० च्या आसपास. म्हणजे १८२० ची मिती घातलेलं पत्र झेरॉक्सच्या कागदासारखं पेटलं तर पुढे वाचायची गरज नाही. १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून गाजलेल्या डायऱ्यांचं पितळ उघडं पाडणाऱ्या पुराव्यांत हाही एक होता.

तपासताना खोली पूर्ण अंधारी करा आणि डोळ्यांना पाच मिनिटं द्या. अंगात गडद कपडे हवेत. डिटर्जंटमध्येही ब्राइटनर असतं, त्यामुळे पांढरा सदरा स्वतःच पेटतो आणि त्याचा निळा उजेड कागदावर पडतो. बाजूला दोन नमुने ठेवा: एक आजचा ए-फोर कागद, एक खात्रीचा जुना, उदाहरणार्थ जुन्या छापील पुस्तकाचं फाटकं कोरं पान. नमुन्यांशिवाय केलेला निवाडा म्हणजे अंदाज. टॉर्च वीस-तीस सेंटिमीटरवर तिरकी धरा आणि एका जागी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. अतिनील उजेडाने कागदाचं आणि शाईचं नुकसान होतं.

दिसलं ते वाचणं हे खरं काम, आणि गोंधळ इथेच होतो. अख्खा कागद एकसारखा, तंतूंच्या आतून पेटला तर कागद आधुनिक. फक्त घडीच्या रेषेवर, कडेला किंवा फाटलेल्या जागी पट्टा पेटला तर ती बहुधा डागडुजी असते: मागून चिकटवलेला नवा कागद किंवा पांढरा पीव्हीए डिंक. अशा पट्ट्यांमुळे अस्सल दस्त परत गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. सुटे निळे केसासारखे तंतू इकडेतिकडे दिसले तर ते कपड्याचं किंवा पुसायच्या फडक्याचं बोंड आहे. मऊ ब्रशने झटकलं की जातं. विलायती चिंध्यांच्या कागदाला जिलेटिनची खळ असे, त्यामुळे तो फिकट पांढुरका दिसू शकतो. ती चमक मंद, दुधट असते. ए-फोरच्या नमुन्याशेजारी ठेवली की फरक कळतो. खळ लावून दगडाने घोटलेला जुन्नरी किंवा दौलताबादी देशी कागद सहसा मातकट, निस्तेजच राहतो.

टॉर्चचा दुसरा उपयोग कंपन्या सांगत नाहीत, पण तो पहिल्याइतकाच मोलाचा आहे. मायफळ आणि हिराकस यांची शाई, म्हणजे इंग्रजी पत्रांतली नेहमीची लोहशाई, अतिनील उजेड शोषते आणि काळी दिसते. विटून पिवळी पडलेली ओळ त्यामुळे वाचता येते. खोडलेला किंवा धुतलेला मजकूरही कधीकधी वर येतो. नाव बदललेल्या दस्तात यानेच काम होतं.

आता मायक्रोस्कोप. खोक्यावरच्या "१०००x" कडे दुर्लक्ष करा. दोन मेगापिक्सेलच्या आसपासचा सेन्सर असतो आणि मोठं दिसतं ते बरंचसं पडद्यामुळे. दस्तासाठी कामाची पातळी चाळीस ते साठ पट, ती या यंत्रात चांगली मिळते. फोकस दोन जागी लागतो: एक थोड्या अंतरावरून, दुसरा पुढची प्लॅस्टिकची टोपी कागदाला टेकवून. दुसरा वापरू नका. काजळीची शाई कागदावर पापुद्र्यासारखी बसलेली असते, टोपी घासली की ती उडते. सोबतचा स्टँड डुगडुगतो. अक्षरावर फोकस लावून टेबलाला हात लागला की चित्र हललंच. जड बुडाचा वेगळा स्टँड घेतला तर यंत्र दुप्पट कामाचं होतं.

मोठी खोट दिव्यांची. भिंगाभोवती गोल लावलेले एलईडी समोरून सपाट उजेड टाकतात, त्यात खोलगटपणा दिसत नाही. घोटलेल्या देशी कागदावर तर आठ पांढरे ठिपके चमकतात आणि शाई त्यामागे लपते. ते बंद करून साधी टॉर्च कागदाच्या पातळीत, जवळजवळ आडवी धरा. लगेच चर, उठलेले तंतू, दबलेल्या रेषा दिसू लागतात. दिवे पूर्ण बंद करायचं चाक नसलेलं मॉडेल घेऊ नये.

काय बघायचं? पहिली चाळण छपाईची, एका मिनिटाची. शिक्क्यात किंवा "जुनाट" डागांत निळसर, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके दिसले तर इंकजेट. अक्षराभोवती काळ्या भुकटीचे कण आणि वितळल्यासारखी चकाकी असेल तर लेझर. जाळीदार ठिपके म्हणजे छायाचित्रावरून छापलेली प्रतिकृती. स्मरणिकेत वाटलेल्या प्रतिकृती काचेच्या चौकटीत जाऊन मूळ म्हणून विकल्या जातात. इथे एक खबरदारी हवी. एकोणिसाव्या शतकातले शिळाप्रेसवरचे नमुने, जाहीरनामे अस्सल असूनही छापलेलेच असतात. त्यांची शाई सलग, सपाट असते, ठिपके नसतात.

हाताने लिहिलेल्या मोडीसाठी बघायची जागा शिरोरेषा. मोडी लिहिणारा कारकून आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं लटकवतो. म्हणून खऱ्या पत्रात रेघ खाली, अक्षराचा फराटा वर. आज मोडी शिकून कागद "बनवणारा" पुष्कळदा देवनागरीच्या सवयीने अक्षरं आधी काढतो आणि वरून रेघ मारतो, किंवा शब्दाशब्दाला तोडतो. पन्नास पटीत, आडव्या उजेडात, काजळीच्या दाट शाईत वर-खाली कोण आहे ते बहुतेक वेळा कळतं. शाई पातळ असेल तर कळत नाही; तिथे हट्टाने निष्कर्ष काढू नये.

मग लेखणी. बोरूची रेघ जाड-बारीक होते पण कागदात चर पाडत नाही. पोलादी निबाची दोन टोकं दाबाखाली फाकतात आणि दोन समांतर चर सोडतात, त्यांत शाई जास्त काळी दिसते. बर्मिंगहॅमचे पोलादी निब १८२० ते ३० च्या दशकांत घाऊक बनू लागले. सवाई माधवरावांच्या काळातल्या म्हणून दाखवलेल्या पत्रात असे जोडचर मिळाले तर विक्रेत्याला खुलासा मागायला हरकत नाही. १८७० च्या खतात ते मिळाले तर त्यात नवल नाही. शाई बुडवण्याची लयही बघा. बोरूची शाई हळूहळू फिकी होत जाते आणि पुन्हा एकदम दाट होते. ओळीमागून ओळी एकाच घनतेच्या असतील तर लेखणी दौतीत बुडत नव्हती.

शाईवरून काळ ठरवायलाही मदत होते. काजळीची शाई पृष्ठभागावर बसते आणि घडीवर तडकते. लोहशाई कागदात मुरते, पाठीमागे उमटते, कडेला तपकिरी झाक धरते. जांभळी अॅनिलिन शाई, म्हणजे कृत्रिम रंगाची, रसायनशास्त्रज्ञ पर्किनच्या १८५६ च्या शोधाआधी असूच शकत नाही. बॉलपेनची रेघ ओळखायला तर फार शिकावं लागत नाही, पण समासातली टीप बॉलपेनची असली म्हणून दस्त खोटा नसतो. कुणा वंशजाने ती नंतर लिहिलेली असते.

सगळ्यात भरवशाची खूण मात्र घडी आणि कसर यांची. कागद आधी लिहिला आणि मग वर्षानुवर्षं घडीत राहिला, तर शाई घडीबरोबर फाटते, रेघ तुटते. जुना कोरा कागद मिळवून त्यावर आज लिहिलं, तर शाई मोडलेल्या तंतूंत शिरून पसरते, घडीवर फुगलेला डाग दिसतो. कसरीच्या भोकाचंही तसंच. भोकाच्या कडेवर आतल्या बाजूला शाई उतरलेली असेल, किंवा अक्षर भोक चुकवून वळसा घेत असेल, तर भोक आधीचं आणि लेखन नंतरचं. जुनेपणाचा तपकिरी रंगही असाच बोलतो: खरा रंग कडेला आणि उघड्या राहिलेल्या घडीवर गडद, आत फिका. आत-बाहेर एकसारखा चहासारखा रंग असेल तर तो दिलेला आहे.

साध्या भिंगाची ताकद किती, याचा दाखला अमेरिकेतल्या मार्क हॉफमन या खोटे दस्त बनवणाऱ्याच्या खटल्यात आहे. तिथल्या वसाहतकाळातला सतराव्या शतकाचा छापील "ओथ ऑफ अ फ्रीमन" त्याने १९८५ मध्ये बाजारात आणला आणि भलेभले चकले. त्याच्या कागदपत्रांचा छडा लावताना तपासनिसांना मायक्रोस्कोपखाली लोहशाईवर मगरीच्या कातडीसारख्या बारीक भेगा दिसल्या, आणि त्या काळाच्या अस्सल कागदांवर तशा नव्हत्या. शाई रासायनिक उपायांनी घाईने जुनी केली होती. त्याने १९८७ मध्ये गुन्हा कबूल केला. मात्र आपल्याकडच्या काजळीच्या शाईला ही कसोटी लावू नका. ती डिंकामुळे नैसर्गिकरीत्याही तडकते.

लाइट पॅडबद्दल थोडक्यात. ए-फोर आकार पुरतो, मोडीचा लांब कागद असेल तर सरकवत बघा. दस्त थेट ठेवू नका, मध्ये स्वच्छ पॉलिएस्टरची शीट घाला. उजेड कमी केला की फोनच्या फोटोत काळे पट्टे येतात, कारण हे पॅड झपाट्याने चालू-बंद होऊन मंद होतात. पूर्ण उजेडावरच फोटो काढा. विलायती कागदात तारेच्या साच्याच्या जवळजवळ रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या साधारण पंचवीस मिलिमीटर अंतरावरच्या साखळीरेषा दिसतात. देशी कागद गवताच्या काड्यांच्या साच्यावर उचललेला, त्यामुळे रेषा बारीक आणि वाकड्यातिकड्या, जलचिन्ह नाही.

जलचिन्ह असेल तर मात्र भाग्य. इंग्लंडमध्ये १७९४ च्या कायद्याने निर्यात कागदावरचा कर परत मिळण्यासाठी जलचिन्हात वर्ष घालणं गरजेचं केलं होतं, म्हणून कंपनीच्या पत्रांत "जे व्हॉटमन" या कागद बनवणाऱ्याच्या नावाबरोबर साल सापडतं. जलचिन्ह १८०९ चं आणि पत्रावर १८०७ ची तारीख, तर विषय संपला. उलट १८११-१२ ची तारीख अगदी स्वाभाविक. सुएझ कालव्याआधी कागद केपला वळसा घालून यायचा आणि मग गोदामात पडून राहायचा. व्होव्ह कागद, म्हणजे रेषा नसलेला, १७५७ च्या सुमाराचा शोध आहे. पॅडवर खरवडलेली जागाही उघडी पडते: कागद तिथे पातळ होतो आणि उजळ दिसतो.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण बाजारात आणि कोर्टात त्रास देणारे दस्त बहुधा पूर्ण बनावट नसतात. कागद अस्सल, शिक्का अस्सल, शाई जुनी. फक्त बिघ्यांचा आकडा किंवा एक नाव बदललेलं. तीस वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला दस्त कोर्ट खरा धरू शकतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते ९० वं कलम होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात ९२ वं. त्यामुळे जुन्या कागदात एक आकडा बदलण्याचा मोह नवा कागद करण्यापेक्षा मोठा. अशा वेळी तिन्ही साधनं एकाच जागेवर फिरवा: पॅडवर पातळ जागा, आडव्या उजेडात उठलेले तंतू, अतिनील उजेडात आधीच्या अक्षराची सावली. तीनपैकी दोन जुळले तर पुढे तज्ज्ञाकडे जाण्याइतका आधार मिळतो.

आणि आता हा संच जिथे हात टेकतो ती जागा. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि इनामदारांना हक्काचे कागद दाखवावे लागले. दावे पेशवे दफ्तराशी ताडून पाहिले गेले. त्या धाकाने त्याच काळात बनवलेली सनद आज पावणेदोनशे वर्षांची आहे. कागद देशी, शाई काजळीची, लेखणी बोरू, रेघ आधी ओढलेली, घडी जुनी. टॉर्च गप्प, मायक्रोस्कोप गप्प. तिला पकडतो मजकूर.

त्यासाठी यंत्र लागत नाही. मितीतली कालगणना एकमेकींशी जुळते का बघा. शकात १२ मिळवून ६० ने भागा. बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला (बाकी शून्य तर साठावा, क्षय). शके १७३९: बेरीज १७५१, बाकी ११, म्हणजे ईश्वर. शुहूर सनात (पेशवाईतल्या कागदांवरची, आकडे अरबी शब्दांत लिहायची कालगणना) जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो, जानेवारीपासून पुढे ६००. खडकीच्या लढाईचा दिवस, ५ नोव्हेंबर १८१७, म्हणजे आश्विन वद्य ११, बुधवार, शके १७३९, ईश्वरनाम संवत्सर, सन समान अशर मयातैन व अलफ, म्हणजे १२१८. यांतलं एक जरी निसटलं तरी थांबा. बनवणाऱ्याची चूक बहुधा शुहूर सनात होते, कारण अरबी अंक (इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा...) त्याने पाठ केलेले नसतात. अर्थात नकलनविसाचीही चूक होते, म्हणून एका चुकीवर फाशी देऊ नये.

स्टॅम्पपेपरला तर कागद हातात घेण्याआधीच चाळण लावता येते. व्हिक्टोरियाला "एम्प्रेस" हा किताब १८७६ च्या कायद्याने मिळाला आणि १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात जाहीर झाला. १८६५ च्या खतावर एम्प्रेस असेल तर कागद खताच्या नंतरचा. नाशिकच्या सरकारी छापखान्यातली छपाई १९२० च्या दशकाच्या मध्याची, त्याआधीच्या दस्तावर ती नको. कंपनीचा कारभार १८५८ मध्ये राणीकडे गेला, त्यामुळे १८६२ च्या हुकुमात "कंपनी सरकार" हा शब्द चालू पदनाम म्हणून आला तर भुवया उंचवा. आणे-पै जाऊन नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. शिवाय पेशवाईतल्या मोडीत स्वल्पविराम, पूर्णविराम सापडले तर लिहिणारा शाळेत गेलेला होता.

कुणी घ्यावा? जुन्या बाजारातून किंवा लिलावातून वर्षाला चार-दोन दस्त घेणाऱ्याने जरूर. घरचंच दफ्तर चाळणाऱ्याला लाइट पॅड आणि दहा पटीचं साधं भिंग पुरे. स्वतःच्या पणजोबांच्या रुमालावर (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर) टॉर्च मारून फार काही साधत नाही. जमिनीचा दावा अडकलेला असेल तर या संचाच्या फोटोंना कोर्टात फारसं वजन नाही. तिथे हस्ताक्षर व दस्तऐवज तज्ज्ञच लागतो. आपण फक्त त्याला कुठे बघायचं ते सांगू शकतो. एकच वस्तू परवडत असेल तर मायक्रोस्कोप घ्या, टॉर्च नंतर. छापील नकला हाच बाजारातला सगळ्यात मोठा कचरा आहे आणि तो भिंगाखाली मिनिटात कळतो.

व्यवहार करण्याआधी विक्रेत्यासमोर पाच फोटो काढून घ्या: पूर्ण पुढची बाजू, पूर्ण पाठ, पॅडवर ठेवून, अतिनील उजेडात दोन्ही नमुन्यांसह, आणि शिक्क्याचा पन्नास पटीतला. प्रत्येकात मिलिमीटरची पट्टी ठेवा. दस्तावर एखाद्या सरकारी दफ्तराचा शिक्का किंवा रुमाल क्रमांक असेल तर खऱ्या-खोट्याच्या भानगडीत पडण्याआधी तो बाहेर कसा आला ते विचारा. केंद्र सरकारच्या अभिलेखांना १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू आहे. आणि पंचाहत्तर वर्षांवरचा ऐतिहासिक दस्त १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतो, त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाला तो टपालाने पाठवायचा बेत असेल तर तो तिथेच सोडून द्या.